कॅलरीमापीचं प्रॅक्टिकल: उत्तर सत्तावन्नच्या जवळ आणायचं तर कुठे जपायचं

अकरावी-बारावीच्या जर्नलमध्ये उदासिनीकरणाच्या एन्थाल्पीचं (आम्ल आणि अल्कली मिसळून एक मोल पाणी तयार होताना सुटणाऱ्या उष्णतेचं) उत्तर बहुतेकांचं हुबेहूब उणे ५७.३ किलोज्यूल प्रति मोल असतं. प्रयोगशाळेत मात्र त्याच मुलांच्या हातून ३०, ४५, ७० असं काहीही निघतं, आणि मग आकडे उलटे जुळवले जातात. ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळला काय, चूक साधारण त्याच चार-पाच ठिकाणी होते, आणि त्यातल्या निम्म्या चुका आम्ल कपात पडण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा.

एक हिशेब आधी डोक्यात पक्का करा. ५० मिलि एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिलि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र केल्यावर तापमान जेमतेम सहा-साडेसहा अंशांनी वाढतं. त्या वाढीत ०.१ अंशाची चूक झाली की अंतिम उत्तर सुमारे ०.९ किलोज्यूलने सरकतं. अर्धा अंश चुकला तर साडेचार किलोज्यूल गेले. पुढची सगळी काळजी या सहा अंशांसाठी आहे.

## १. आदल्या दिवशीची तयारी

भांडं. जुन्या सूचनांमध्ये थर्माकोलचा पेला सांगितलेला असतो. २०१८ पासून राज्यात एकदा वापरून फेकायच्या थर्माकोलच्या पेल्या-ताटांवर बंदी आहे, तेव्हा त्याच्या शोधात फिरू नका. १५०-२०० मिलिची जाड प्लास्टिकची रुंद तोंडाची बाटली किंवा प्लास्टिकचा बीकर घ्या आणि तो मिक्सर-टीव्हीच्या खोक्यातल्या पॅकिंगच्या थर्माकोलमध्ये खाच कोरून बसवा. तेही नसेल तर चहाच्या टपरीवरचे मोठे कागदी कप एकात एक असे तीन घाला आणि काचेच्या बीकरमध्ये उभे करा. स्टीलचा पेला नको आणि नुसता काचेचा बीकरही नको, दोन्ही उष्णता पटकन बाहेर सोडतात.

झाकण हवंच. जाड पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा, एक थर्मामीटरसाठी आणि एक ढवळणीसाठी. भोकं सैल झाली तर कापसाने बुजवा.

थर्मामीटर. शाळेतला शून्य ते ११० अंशांचा, एकेका अंशाच्या खुणांचा थर्मामीटर इथे कुचकामी आहे. ०.१ किंवा निदान ०.२ अंशाच्या खुणांचा मागून घ्या. पूर्ण प्रयोगात एकच थर्मामीटर वापरणं सर्वांत चांगलं. दोन वापरायचेच असतील तर दोन्ही एकाच पाण्यात दोन मिनिटं ठेवा आणि फरक वहीच्या कोपऱ्यात लिहा. अर्ध्या अंशाचा फरक सहज निघतो, आणि ती रक्कम पुढच्या प्रत्येक रीडिंगमध्ये धरावी लागते.

सावध: थर्मामीटरने ढवळायचं नाही. फुगा तळाला आपटून फुटतो, आणि पाऱ्याचा असेल तर प्रॅक्टिकल बाजूला ठेवून पारा गोळा करत बसावं लागतं. ढवळायला वाकवलेली काचेची कांडी किंवा प्लास्टिकचा चमचा घ्या.

द्रावणं. इथे सर्वांत जास्त मुलं फसतात. कॉस्टिकच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड या आपल्या अल्कलीच्या, गोळ्या पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता सोडतात. ४ ग्रॅम गोळ्या १०० मिलि पाण्यात टाकल्या की पाणी सुमारे दहा अंशांनी तापतं. सकाळी घाईत द्रावण बनवून तासाभरात वापरलं, तर तुम्ही उदासिनीकरणाची उष्णता मोजत नसून सकाळच्या कामाची उरलेली ऊब मोजत असता. द्रावण आदल्या दिवशी करा, घट्ट बुचाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा आणि आम्लाच्या बाटलीशेजारी, एकाच टेबलावर, रात्रभर ठेवा.

दुसरी अडचण आपल्या खाडीकाठच्या हवेची. पावसाळ्यात कॉस्टिकची बरणी उघडी राहिली तर दहा मिनिटांत गोळ्यांवर चकाकी येते, मग त्या एकमेकींना चिकटतात आणि वॉचग्लासवर पाण्याचं तळं साचतं. वजन केलेल्या ४ ग्रॅममध्ये मग बरंचसं पाणी असतं. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून काही भागाचा कार्बोनेट झालेला असतो. म्हणून वजनावर विसंबू नका. द्रावण प्रमाणित (तीव्रता नक्की माहीत असलेल्या) आम्लाशी टायट्रेट करून खरी तीव्रता काढा आणि ती बाटलीवर तारखेसकट लिहा. टायट्रेशनला वेळच नसेल तर अल्कली मुद्दाम थोडी जास्त तीव्र घ्या, म्हणजे १.१ मोलर. तेव्हा सगळं आम्ल संपतं आणि मोल आम्लावरून मोजता येतात. आम्लाची तीव्रता तरी नक्की माहीत असली पाहिजे, एवढी अट.

तपासा: दोन्ही द्रावणांचं तापमान ०.२ अंशाच्या आत जुळतंय का? जुळत नसेल तर थांबा. पंखा बंद करा, एसीचा झोत टेबलावर येत असेल तर टेबल बदला. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच गरम येतं, ते बादलीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

## २. कॅलरीमापीचा स्थिरांक

भांडं, झाकण, ढवळणी आणि थर्मामीटर, म्हणजे अख्खा कॅलरीमापी, हेही थोडी उष्णता खातात. ती किती, हे आधी साध्या पाण्याने काढायचं. यासाठी डिस्टिल्ड पाणी लागत नाही, नळाचं चालतं.

१. कपात ५० मिलि खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या. दर मिनिटाला तीन-चार रीडिंग घ्या. समजा २८.० अंश.

२. दुसरीकडे पाणी ४५ ते ५० अंशांपर्यंत गरम करा. उकळतं पाणी घेऊ नका, ओतेपर्यंतच ते कितीतरी अंश उतरतं. ५० मिलि मोजून घ्या आणि ओतण्याच्या क्षणी त्याचं तापमान वाचा. समजा ४८.० अंश.

३. एका दमात ओता, झाकण लावा, ढवळा आणि स्थिर झालेलं तापमान वाचा. समजा ३७.३ अंश.

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात. गरम पाण्याने गमावलेली उष्णता: ५० × ४.१८ × १०.७ = २२३६ ज्यूल. थंड पाण्याने मिळवलेली: ५० × ४.१८ × ९.३ = १९४४ ज्यूल. मधले २९२ ज्यूल भांड्याने घेतले, आणि भांडं ९.३ अंशांनी तापलं. म्हणजे स्थिरांक सुमारे ३१.५ ज्यूल प्रति अंश.

तपासा: दोन तापमानांची सरासरी ३८.० आहे. मिश्रणाचं तापमान त्याहून कमीच यायला हवं. जास्त आलं तर स्थिरांक उणे निघेल, आणि असं भांडं अजून कुणी बनवलेलं नाही. कारण बहुधा एकच असतं: गरम पाण्यात थर्मामीटर पुरता चढायच्या आतच रीडिंग घेतलं. उलट स्थिरांक शंभराच्या वर गेला, तर गरम पाणी मोजल्यावर ओतायला उशीर झालाय.

पुस्तकात कधी स्थिरांकाऐवजी जलसममूल्य (भांड्याइतकीच उष्णता खाणारं पाणी किती, तो आकडा) दिलेलं असतं, आणि ते ग्रॅममध्ये असतं. वरच्या भांड्याचं जलसममूल्य ३१.५ भागिले ४.१८, म्हणजे साडेसात ग्रॅम. ज्यूलचा आकडा ग्रॅम समजून पुन्हा ४.१८ ने गुणला की उत्तर फुगतं. सत्तरच्या आसपास पोचणारी जर्नल्स बरीचशी या वाटेने गेलेली असतात.

स्थिरांक काढताना एकूण १०० मिलि वापरलंत, तर पुढेही एकूण १०० मिलिच ठेवा, कारण भांड्याचा ओला भाग बदलला की स्थिरांकही बदलतो. पण त्यापायी अर्धा तास घालवू नका. स्थिरांकात दहा टक्के चूक झाली तरी अंतिम उत्तर पाऊण टक्क्यानेच हलतं. मुलं नेमकी इथे चार-चार वेळा पाणी ओतत बसतात आणि खरा प्रयोग घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटांत उरकतात.

## ३. उदासिनीकरण: ओतण्याचा क्षण

भांडं रिकामं करून कोरडं पुसा, मागचं थोडं कोमट पाणीही राहू देऊ नका. गॉगल लावा. एक मोलर कॉस्टिक डोळ्यात गेलं तर गंमत नाही.

१. कपात ५० मिलि आम्ल आणि वेगळ्या स्वच्छ बीकरमध्ये ५० मिलि अल्कली घ्या. दोन्हींना एकच सिलिंडर वापरत असाल तर मध्ये खळबळून धुवा आणि मोजायच्या द्रावणाने विसळा.

२. स्टॉपवॉच सुरू करा. शून्य ते तीन मिनिटांपर्यंत दर मिनिटाला दोन्हींचं तापमान नोंदवा. थर्मामीटर एकच असेल तर एकातून दुसऱ्यात नेताना धुऊन पुसा. समजा आम्ल २८.२ आणि अल्कली २८.०. आकारमान सारखं असल्याने सुरुवातीचं तापमान सरासरीचं, २८.१.

३. चौथ्या मिनिटाला रीडिंग नाही. बरोबर चौथ्या मिनिटाला सगळी अल्कली एकदम ओता.

४. झाकण लावा, ढवळत राहा आणि साडेचारपासून दर अर्ध्या मिनिटाला, नवव्या मिनिटापर्यंत नोंदी घ्या.

सावध: अल्कली ब्युरेटने थेंब-थेंब सोडू नका. टायट्रेशनची सवय हाताला लागलेली असते, पण इथे ओतायला दोन मिनिटं लागली तर तेवढा वेळ उष्णता निसटत राहते आणि आलेखावर नेमकी सुरुवात सापडत नाही.

दोघांनी मिळून करत असाल तर कामं आधी वाटून घ्या. एकाने ओतायचं आणि ढवळायचं, दुसऱ्याने घड्याळ बघून वाचायचं आणि लिहायचं. वाचणाऱ्याचा डोळा थर्मामीटरच्या पातळीत हवा. वरून वाकून वाचलं की ०.२ अंशाचा फरक तिथेच पडतो.

## ४. आलेख टाळू नका

बहुतेक जण सर्वांत जास्त दिसलेलं तापमान उचलतात. ते नेहमी थोडं कमी असतं, कारण थर्मामीटर वर चढेपर्यंत कप थंडही होत असतो.

वरच्या प्रयोगाच्या नोंदी अशा समजा: साडेचारला ३३.९, पाचला ३४.३, सहाला ३४.२, सातला ३४.१, आठला ३४.०, नवाला ३३.९. पाचनंतर तापमान मिनिटाला ०.१ अंशाने उतरतंय. आलेखकागदावर हे बिंदू मांडा, पाच ते नऊमधल्या बिंदूंतून पट्टीने सरळ रेषा काढा आणि ती मागे, चौथ्या मिनिटाच्या उभ्या रेषेपर्यंत वाढवा. तिथे ३४.४ मिळतं. साडेचारचा बिंदू रेषेत धरायचा नाही, तेव्हा थर्मामीटर अजून धावतच होता.

तापमानवाढ ३४.४ वजा २८.१, म्हणजे ६.३ अंश. नुसतं कमाल तापमान घेतलं असतं तर ६.२ आली असती. हा दशांश म्हणजे जवळजवळ एक किलोज्यूल.

तपासा: रेषा मिनिटाला ०.३ अंशापेक्षा जास्त वेगाने उतरतेय का? मग झाकण किंवा आवरण नीट नाही. ते सुधारून पुन्हा करा.

## ५. आकडेमोड

एकूण वस्तुमान १०० ग्रॅम धरा. एक मोलर द्रावण पाण्यापेक्षा किंचित जड असतं आणि त्याची विशिष्ट उष्माधारकता किंचित कमी असते. दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्याच सावरून घेतात, त्यामुळे शाळेच्या पातळीवर १०० आणि ४.१८ चालतं.

उष्णता = (१०० × ४.१८ + ३१.५) × ६.३ = ४४९.५ × ६.३ = २८३२ ज्यूल.

तयार झालेल्या पाण्याचे मोल = ०.०५.

२८३२ भागिले ०.०५ = ५६,६४० ज्यूल. म्हणजे एन्थाल्पीतला बदल उणे ५६.६ किलोज्यूल प्रति मोल.

चिन्ह विसरू नका. द्रावण तापलं म्हणजे अभिक्रियेने उष्णता बाहेर टाकली, म्हणून उणे. पाठ्यपुस्तकातला आकडा ५७ च्या आसपास असतो. तापमान आणि द्रावणाची तीव्रता यांनुसार तो ५५.८ ते ५७.३ असा वेगवेगळा छापलेला दिसेल. तेव्हा ५६.६ ला खोडरबर लावायची गरज नाही.

उत्तर फारच भलतं आलं असेल तर त्या आकड्यावरूनच चूक ओळखता येते. वरच्याच नोंदींवर बघा.

२८ च्या आसपास आलं: आम्ल आणि अल्कलीचे मोल मिळवून ०.१ ने भागलंय. पाणी ०.०५ मोलच तयार झालं.

३० च्या आसपास आलं: वस्तुमान ५० ग्रॅम धरलंय. तापलं ते सगळं १०० ग्रॅम.

५२-५३ आलं: स्थिरांक घ्यायचा राहिला.

अडीच हजार आलं: तापमानवाढीत २७३ मिळवलेत. फरक अंश सेल्सिअसमध्ये असो की केल्विनमध्ये, आकडा एकच.

६५ च्या आसपास, किंवा उलट ४७-४८: सगळं गणित बरोबर असूनही असं आलं तर दोन द्रावणांचं सुरुवातीचं तापमान वेगळं होतं आणि तुम्ही फक्त आम्लाचं धरलंत. अल्कली दोन अंश जास्त गरम असेल तर सुरुवात एक अंश कमी धरली जाते, आणि एक अंश म्हणजे नऊ किलोज्यूल.

सल्फ्युरिक आम्ल दिलं असेल तर त्याच्या एका मोलमागे दोन मोल पाणी तयार होतं. उत्तर प्रति मोल पाणी विचारलंय की प्रति मोल आम्ल, हे प्रश्नात वाचा. बाटलीवर एक नॉर्मल लिहिलंय की एक मोलर, तेही बघा.

## ६. विद्रावणाची एन्थाल्पी: सोरा आणि मोरचूद

सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, विरघळताना पाणी थंड करतो. ०.०५ मोलसाठी ५.०५ ग्रॅम घ्या. आधी खलात बारीक करा, खडे राहिले तर विरघळायला चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात बाहेरची उष्णता आत शिरते. १०० मिलि पाण्याचं तापमान तीन मिनिटं नोंदवा, चौथ्या मिनिटाला सगळी भुकटी एकदम टाका आणि जोरात ढवळा. कागदावर चिकटलेली भुकटी झटकून टाका, किंवा रिकाम्या कागदाचं वजन पुन्हा करून फरक घ्या.

आलेख इथे उलटा येतो. तापमान खाली जातं आणि मग हळूहळू वर सरकतं, ती वर जाणारी रेषा मागे वाढवायची. समजा २८.४ वरून २४.८ मिळालं, घट ३.६ अंश. वस्तुमान १०५ ग्रॅम, कारण मीठही थंड झालं. (१०५ × ४.१८ + ३१.५) × ३.६ = १६९३ ज्यूल, ०.०५ ने भागल्यावर ३३.९. चिन्ह अधिक. छापील आकडा अधिक ३४.९ आहे.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, जरा खोडकर आहे. निळे स्फटिक विरघळताना उष्णता शोषतात, सुमारे अधिक ११.७ किलोज्यूल प्रति मोल. पांढरी निर्जल भुकटी विरघळताना सोडते, उणे ६६.५. बाटलीवरचं नाव अर्धवट वाचलं तर चिन्हासकट सगळं फिरतं. मोलचं वस्तुमानही वेगळं: स्फटिकांसाठी २४९.७, निर्जलासाठी १५९.६.

निळ्या स्फटिकांचे ०.०५ मोल घेतले तर तापमान जेमतेम सव्वा अंशाने उतरतं, म्हणून ०.१ अंशाच्या थर्मामीटरशिवाय तो प्रयोग करूच नका. निर्जल भुकटी चिनीमातीच्या बशीत मंद आचेवर, ढवळत, करायची. आच वाढली तर तळाशी काळी पडते. थंड डेसिकेटरमध्येच (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) करायची. जुलै-ऑगस्टमध्ये ती तराजूवर ठेवल्या-ठेवल्या कडेने निळसर होऊ लागते. निळी झाक दिसली की ते वजन रद्द, भुकटी पुन्हा गरम करा.

या दोन आकड्यांवरून जलयोजनाची (निर्जल भुकटी पाणी धरून निळे स्फटिक होण्याची) एन्थाल्पी हेसच्या नियमाने (वाट कुठलीही असो, एकूण बदल तोच) मिळते: उणे ६६.५ वजा अधिक ११.७, म्हणजे उणे ७८.२. गणितात इथे ११.७ मिळवून उणे ५४.८ काढणारे खूप. वाट लिहून काढा: निर्जल ते स्फटिक, मग स्फटिक ते द्रावण. दोन्हींची बेरीज म्हणजे थेट निर्जल ते द्रावण.

## ७. बॉम्ब कॅलरीमापीचं गणित

हा प्रयोग कॉलेजात होत नाही, पण पेपरात येतो. झाकणाच्या कपात दाब कायम असतो, म्हणून थेट एन्थाल्पी मिळते. बॉम्बमध्ये, म्हणजे घट्ट बंद केलेल्या भक्कम भांड्यात, आकारमान कायम असतं, म्हणून मिळते ती अंतर्गत ऊर्जा. एन्थाल्पी काढायला अंतर्गत ऊर्जेत वायूंच्या मोलमधला फरक गुणिले आर (वायू स्थिरांक) गुणिले टी (केल्विनमधलं तापमान) मिळवायचं.

मिथेनच्या ज्वलनात एक मोल मिथेन आणि दोन मोल ऑक्सिजन जातात, एक मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि पाणी द्रव असतं. फरक उणे २. त्याला ८.३१४ आणि २९८ ने गुणलं की उणे ४.९६ किलोज्यूल. अंतर्गत ऊर्जा उणे ८८५.३ तर एन्थाल्पी उणे ८९०.३. चुका दोनच: द्रव पाण्याचे मोल वायूत धरणं, आणि ज्यूलमधला ४९५५ तसाच किलोज्यूलमध्ये मिळवणं.

## ८. जर्नल आणि तोंडी

नोंदी पेनाने, दिसल्या तशा लिहा. २८ नाही, २८.० लिहा, शून्य लिहिलं की परीक्षकाला तुमच्या थर्मामीटरची खूण कळते. आलेख जर्नलला जोडा. तो जोडलेला असला की पुढचे निम्मे प्रश्न त्यावरच येतात आणि तुम्हाला उत्तरं माहीत असतात.

सगळ्या तीव्र आम्ल-अल्कलींना जवळजवळ सारखंच उत्तर का, हा हमखास प्रश्न. प्रत्यक्षात घडतं ते हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांपासून पाणी बनणं, बाकीचे आयन नुसते उभे असतात. ॲसेटिक आम्लाचं उत्तर थोडं कमी येतं, कारण काही उष्णता त्याच्या आयनीभवनात खर्ची पडते.

‘चुकांची कारणं’ या रकान्यात ‘मानवी चूक’ लिहू नका. चूक कोणती आणि तिने उत्तर कुठल्या बाजूला गेलं, दोन्ही लिहा: झाकण सैल होतं, म्हणून वाढ कमी दिसली, म्हणून उत्तर आकड्याने लहान आलं; किंवा सोऱ्याचे खडे उशिरा विरघळले, तेवढ्या वेळात बाहेरून उष्णता आली, म्हणून घट कमी दिसली.